आबांची राहिलेली इच्छा आणि पोलिसांची हरकत

पिंपरी,
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप रोहिदास दाजी यांना धाकटा मेव्हणा ज्ञानदेव याचा वाकून नमस्कार. (सुतकात कोणाला नमस्कार करायचा नसतो असे कस्तुरावहिनींनी बजावले होते. आता सुतक फिटले आहे, तेव्हा मधले राहिलेले नमस्कारही यातच धरून घ्यावेत.) आपला गुडघा आता कसा आहे? अक्का म्हणते की डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे आणि आपण चालत नाही. आपण म्हणता की आपण चालता आणि अक्काचे लक्ष नसते. दोघांचेही खरे मानून गुडघा मध्यम आहे असे मी समजतो. ओतूरला थंडी पडली असेल. कांद्याची लागण उरकली असेल. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले.

फोन न करता पत्र लिहितो याचे आपल्याला नवल वाटेल. कारण असे की आपण फोन स्पीकरवर लावून खाटेवर ठेवता, आणि मग आपले बोलणे अक्का, सूनबाई आणि दूध घालायला आलेला माणूस असे सगळे मिळून ऐकतात. मागच्या खेपेला मी आपल्याला माझ्या मूळव्याधीबद्दल विचारले होते, त्यावर तोडगा त्या दूधवाल्याने सांगितला. (गुण आला, ते वेगळे.) आत्ताची गोष्ट फक्त आपल्यासाठी आहे. पाकीट कोणाचे म्हणून अक्काने विचारले तर पेन्शनचे म्हणावे.

दहाव्याला आपल्याला येता आले नाही, आणि अक्का आली ती पदर डोळ्याला लावूनच उभी होती. त्यामुळे तिने आपल्याला जे सांगितले त्यात बराचसा भाग तिला न दिसलेला असणार. म्हणून मी क्रमाने लिहितो. लिहिण्याची मला सवय नाही. तीस-बत्तीस वर्षे चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होतो, तिथे मोजमाप आणि पास की रिजेक्ट एवढेच लिहायचे असे. त्याहून लांब काही लिहिले तर साहेब बोलावून विचारत, काय झाले म्हणून.

थोरले बंधू आबा गेले ते सकाळी त्यांच्या हॉटेलच्या मागच्या दारात, भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेताना. हातातली जुडीसुद्धा सुटली नाही. त्यांना मूलबाळ नाही हे आपण जाणताच, म्हणून अग्नी मी दिला, डोके मी केले आणि दहाव्याला घाटावर पुढे मीच बसलो. पिंपळे गुरवच्या घाटावर दहाव्याला किती माणूस लोटते ते आपण पाहिले आहे. मांडव, खुर्च्या, माईक, प्रवचनकार महाराज, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, आणि कमानीवर आबांचा भला मोठा फ्लेक्स. आबा फोटोत कधी हसायचे नाहीत. हसतानाचा एकच फोटो सापडला, तो कुठल्याशा लग्नातला, आणि फ्लेक्सवाल्याने शेजारचा माणूस कापला पण त्याचा हात आबांच्या खांद्यावर तसाच राहिला. येणारा प्रत्येक जण हार घालायच्या आधी तो हात कोणाचा म्हणून विचारत होता. एकाने तर हा हात परमेश्वराचा आहे असे भाषणात सांगितले. तो हात माझा आहे. पण अशा प्रसंगी मध्येच उठून काय सांगणार?

प्रवचन झाले, पिंड ठेवला, आणि सगळे बाजूला होऊन झाडाकडे बघू लागले. कावळे होते, कमी नव्हते. पण एकही खाली येईना. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन आबांना शब्द द्यायला सुरुवात केली. भावकीतला एक जण म्हणाला, बांधाचा वाद मी सोडला. (कावळा आला नाही. वाद अजून चालू आहे.) मी म्हणालो की कस्तुरावहिनींना अंतर देणार नाही. पण माझा आवाज मुळात लहान, गुरुजी म्हणाले, मोठ्याने बोला, त्यांना ऐकू गेले पाहिजे. त्यांना म्हणजे आबांना की कावळ्यांना, ते मला कळले नाही, आणि मी हात जोडून बाजूला झालो. हॉटेलचा मॅनेजर गणराज खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन आला, कारण आबा दिवसभर काउंटरवर तेच खात. तेही ठेवून झाले. मागून एक गिऱ्हाईक म्हणाले, आबांनी इतक्या जणांना पाजली, स्वतः थेंब घेतला नाही, निदान आज तरी चाखू द्या. गुरुजी आधी संतापले, मग ऊन चढायला लागले तसे म्हणाले, वेगळ्या द्रोणात ठेवा. तो द्रोणही तसाच राहिला.

आता इथे मालोजीशेठ आले. हे गृहस्थ आपल्या परमिट रूमवाल्यांच्या असोसिएशनचे अध्यक्ष आहेत आणि गेल्या कितीतरी निवडणुका भावी नगरसेवक आहेत. त्यांना त्याच सकाळी आणखी एका घाटावर दुसऱ्या कोणाला श्रद्धांजली वाहायची होती, त्यामुळे ते सारखे घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आबा, तुम्ही निर्धास्त जा. रात्रीच्या वेळेचा तुमचा प्रश्न अर्धवट राहिलाय. तो ज्ञानदेवभाऊ तडीला नेतील. हा तुमच्या सख्ख्या भावाचा शब्द आहे."

तो माझा शब्द नव्हता. माझ्या बोटात दर्भ होता आणि तोंडात काहीच नव्हते. पण त्याच क्षणी कावळा झपकन खाली आला आणि पिंडाला शिवला. सगळा मांडव हुंदका देऊन मोकळा झाला. महाराजांनी डोळे मिटले. अक्काने मोठ्याने रडत माझ्या पाठीवर हात फिरवला. (तिने आपल्याला यातले "कावळा पटकन शिवला" एवढेच सांगितले असणार.) कोणीतरी व्हिडिओ काढला, तो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरला, आणि रात्री निगडीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मलाच आला, "भावाचे प्रेम पाहा" म्हणून.

मी इतकी वर्षे कोणत्याही बिघाडाचे मूळ कारण शोधण्याचे काम केले आहे. माझे मत असे की मालोजीशेठनी माईक तोंडाजवळ नेल्यावर त्याने कर्कश शिट्टी मारली, त्याने झाडावरचे सगळे कावळे उडाले, आणि त्यातला एक खाली आला. हे मत मी कोणाला सांगितलेले नाही. सांगितले तर लोक म्हणतील की भावाची इच्छा पुरी करायला नको म्हणून हा माईकवर ढकलतो आहे.

आता ही इच्छा काय आहे ते सांगतो. सध्या मध्यरात्र उलटून थोड्या वेळाने शटर ओढावे लागते. असोसिएशनचा अर्ज असा की शहरातल्या मोठ्या चौकांमधल्या परमिट रूमना दुधाच्या गाड्या सुरू होईपर्यंत परवानगी मिळावी. त्या अर्जावर आबांची सही आहे. आबांनी हा विषय माझ्याकडे एकदाच काढला होता. मी विचारले, कशाला हवे हे? ते म्हणाले, मला नको, पण सगळ्यांनी केली म्हणून मीही सही केली. म्हणजे आबांची म्हणून जी इच्छा आता पूर्ण शहराला ठाऊक झाली आहे, ती त्यांची नव्हतीच. हे सांगायला माझ्याजवळ साक्षीदार नाही. होता तो गेला.

तेव्हापासून मी काउंटरवर बसतो. वास्तविक मी रिटायर झालो ते निगडीच्या गॅलरीत कुंड्या लावायला. पण गणराज (हा लातूरकडचा, आबांजवळ पोरवयात आला, माणूस सोन्यासारखा) म्हणाला, "भाऊ, काउंटरला घरचंच माणूस पाहिजे बघा. रिकामी खुर्ची बघून गिऱ्हाइकाला कसंतरीच व्हायलंय." म्हणून बसलो. दाजी, आपण पोलीस खात्यात असताना बारवर धाडी घातल्या असतील, पण बारमध्ये सुतकी माणूस म्हणून बसून बघितले नसेल. घरी लोक भेटायला येतात, चहा घेतात, दोन शब्द बोलून जातात, आणि पुन्हा येत नाहीत. इथे तेच लोक रोज येतात आणि रोज नव्याने सांत्वन करतात. पहिल्या ग्लासाला नुसती मान हलवतात. दुसऱ्याला उठून काउंटरपाशी येतात. त्यानंतर माझा हात धरतात तो सोडत नाहीत. चाकणला क्रेन चालवणारा संघर्ष नावाचा एक तरुण आहे. त्याला आबांनी एकदा जास्त झाली म्हणून गाडीची किल्ली काढून घेऊन रिक्षाने घरी पाठवले आणि सकाळी किल्ली स्वतः कंपनीच्या गेटवर नेऊन दिली. गोष्ट चांगली आहे. पण तो ती मला रोज सांगतो. आधी विचारतो, "भावा, तुला किल्लीची गोष्ट सांगितली का?" सुरुवातीला मी खरे बोलून बघितले, हो म्हणालो. तर तो म्हणाला, मग तुला कळली नाही, कळली असती तर असा कोरडा बसला नसता. आता मी नाही म्हणतो.

माझा कोरडेपणा हा तिथे मोठ्या चर्चेचा विषय आहे. सगळे रडतात आणि मी बिलाचे बघत बसतो. एकाने मला समजावून सांगितले की राव, मोकळे व्हा, आतल्या आत ठेवू नका, आणि माझ्यासाठी म्हणून एक मागवून स्वतःच प्याला. घरी गेलो की जयमाला दारातच माझा सदरा उतरवून घेते आणि गॅलरीत टांगते. म्हणते, "तीस वर्षं ऑइलचा वास धुतला, आता हा धुते. रिटायर मी कधी व्हायचं?" तिचे काही चुकत नाही.

अशा दिवसांत पोलिसांची हरकत आली. असोसिएशनच्या अर्जावर वरच्या कचेरीने पोलिसांचे मत मागवले होते, आणि ठाण्याचे इन्स्पेक्टर ढेरंगे साहेब यांनी स्पष्ट लिहून दिले की वेळ वाढवू नये. मालोजीशेठनी ती प्रत माझ्याकडे शिव्या देत पाठवली. दाजी, खोटे कशाला सांगू, आबा गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटभर जेवण गेले. काय सुंदर हरकत होती. शटर पडताना रस्त्यावर हाणामाऱ्या होतात. प्यालेले लोक गाड्या घेऊन हायवेला लागतात. रात्रपाळीला पोलीस आधीच अपुरे, त्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या बंदोबस्ताला. आजूबाजूच्या रहिवाशांची झोप मोडते. एकेका मुद्द्याला खोडायला जागा नाही. मी विचार केला, आपण प्रयत्न केल्यासारखे दाखवावे, सरकारने नाही म्हणावे, आणि आबांच्या फोटोसमोर हात जोडून सांगावे की मी केले, पण कायद्यापुढे इलाज नाही. शब्दही राहील आणि मीही सुटेन.

मग ढेरंगे साहेबांनी अंतिम अभिप्राय देण्याआधी आम्हा मंडळींना ठाण्यात बोलावले. मालोजीशेठनी मला आदल्या दिवशी फोन करून सांगितले की तुम्ही काही बोलू नका, फक्त समोर बसा, आणि टोपी काढून बसा. (डोक्यावर केस नुकते कुठे दिसायला लागले आहेत.) मी मनात ठरवून गेलो होतो की साहेब जे म्हणतील त्याला होय म्हणायचे. एवढेच ठरवले होते. यात बिघडण्यासारखे काही असेल असे मला वाटले नव्हते.

साहेब म्हणाले, बंद होताना भांडणे होतात. मी म्हणालो, साहेब, आपले अगदी बरोबर आहे, सगळे एकदम बाहेर पडतात ना, त्यामुळे होतात. साहेबांनी आपुलकीने विचारले, कंपनीत कसे असायचे तुमच्याकडे? विचारले म्हणून सांगितले, की दुसरी शिफ्ट सुटली की एका गेटवर सगळी गर्दी, बसमध्ये जागा धरण्यावरून रोज धक्काबुक्की, मग मॅनेजमेंटने प्रत्येक खात्याची सुटायची वेळ थोडी थोडी मागेपुढे केली आणि गडबड थांबली. मालोजीशेठनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, साहेब, हेच तर आम्ही म्हणतोय, वेळ वाढवा म्हणजे एकेक जण सावकाश सुटेल. मी म्हणालो, माझा तसा अर्थ नव्हता. पण माझा आवाज आपल्याला माहीत आहे. साहेबांनी काहीतरी टिपून घेतले.

मग ते म्हणाले, पिऊन गाड्या चालवतात. मी म्हणालो, फार चालवतात साहेब, म्हणूनच तर आबा किल्ल्या काढून घ्यायचे. साहेब म्हणाले, काढून घ्यायचे? मी म्हणालो, रोज. (खोटे कसे बोलू? ती गोष्ट मी रोज ऐकतो.) मालोजीशेठ म्हणाले, असोसिएशनचे सगळे सभासद आजपासून आबांचा आदर्श ठेवून किल्ल्या काढून घेतील. साहेब म्हणाले, ही अट घालता येईल.

माझी आता सगळी आशा कुसुमताईंवर होती. हॉटेलच्या मागच्या चाळीत या रिटायर शिक्षिका राहतात. आबा असताना दर वर्षी त्या आमच्याविरुद्ध न चुकता तक्रारीचा अर्ज देत असत. आबा तो अर्ज फार आदराने वाचत आणि म्हणत, अक्षर बघ. मी गुपचूप त्यांच्याकडे जाऊन सांगितले होते की बाई, उद्या ठाण्यात या आणि काही हातचे न राखता बोला. त्या आल्या. नऊवारी नेसून, पिशवीत जुन्या अर्जांच्या प्रती घेऊन आल्या. साहेबांनी खुर्ची दिली, आपली काय तक्रार आहे म्हणून विचारले. बाईंनी पिशवी उघडली, चष्मा लावला, वरचा अर्ज बघितला, आणि तशीच पिशवी मिटली. म्हणाल्या, "माझे यजमान आजारी होते तेव्हा त्या माणसानं महिनाभर गाणी बंद ठेवली होती, साहेब. मी तरी अर्ज दिलाच. आता भांडायचं कोणाशी?" आणि त्या रडू लागल्या. मालोजीशेठनी त्यांना पाणी दिले. मग तेही रडले. ते कशासाठी रडले ते मला ठाऊक नाही, पण मनापासून रडले.

शेवटी ढेरंगे साहेबांनी बाकीच्यांना बाहेर पाठवले आणि मला थांबवून घेतले. मला वाटले, आता तरी हा माणूस मला ओरडेल. त्यांनी दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाले, "ज्ञानदेवभाऊ, नोकरीत कुणाचा फोन आला म्हणून मी कधी हरकत मागं घेतली नाही. पण त्या दिवशी घाटावर गर्दीच्या बंदोबस्ताला मी स्वतः होतो. कावळा मी डोळ्यांनी पाहिलाय." मी माईकच्या शिट्टीबद्दल सांगायला तोंड उघडले. ते म्हणाले, काही बोलू नका, मला तुमची अवस्था समजते. गणपतीच्या बंदोबस्तात आबा आमच्या माणसांना रात्री पिठलंभाकरी पाठवायचे, त्यांना मुक्ती मिळू नये असे मी माझ्या सहीने लिहू का? सोमवारपर्यंत विचार करून अभिप्राय बदलतो, असे म्हणून त्यांनी मला दारापर्यंत पोचवले. बाहेर मालोजीशेठनी मला मिठी मारली. म्हणाले, आमच्या असोसिएशनला असा बोलणारा माणूस इतकी वर्षे मिळाला नव्हता.

तर दाजी, अशी अवस्था आहे. ज्या हरकतीवर मी भिस्त ठेवली होती ती माझ्याच हाताने ढासळली. सोमवारी पोलीस मागे हटतील, वरून परवानगी येईल, तिला आबांचे नाव लागेल, आणि मी उरलेले आयुष्य पहाटेपर्यंत त्या खुर्चीत बसून आबांचे गुणगान ऐकेन. मला पैशाचा सोस नाही, धंद्याची जाण नाही. मला फक्त एक दिवस निगडीच्या घरात खोलीचे दार लावून बसायचे आहे. आबा माझे भाऊ होते, आणि ही गोष्ट मला अजून निवांतपणे आठवता आलेली नाही. जो येतो तो त्याचे आबा सांगतो. त्यात माझे कुठे होते ते मला सापडेनासे झाले आहेत.

असो. आपण वडीलधारे, आपल्याला कळवावेसे वाटले म्हणून कळवले. आपल्याकडून काही अपेक्षा नाही. गुडघ्याला जपावे. अक्काला नमस्कार सांगावा, सूनबाईंना आशीर्वाद, आणि मुलांना काय सांगावे ते सुचत नाही, अभ्यास करा म्हणावे.

आपला,
ज्ञानदेव

ता. क. — एक छोटी अपेक्षा आहे. ढेरंगे साहेब पूर्वी जुन्नरला आपल्या हाताखाली होते आणि आपला शब्द मानतात, असे त्यांनीच बोलताना सांगितले. तरी सोमवारच्या आत त्यांना एक फोन करावा. आमची शिफारस करू नये. हरकत मागे घेऊ नका, उलट अधिक कडक करा, असे सांगावे. त्यांच्याकडे मुद्दे कमी पडत असतील तर मी देतो. एक, शेजारच्या गल्लीत प्रसूतिगृह आहे. दोन, आमचा जिना अरुंद आहे आणि त्याचा कठडा हलतो. तीन, काउंटरवर बसणाऱ्या इसमास या व्यवसायाचे काडीचे ज्ञान नाही आणि तो गिऱ्हाइकांना आवरू शकत नाही. तिसरा मुद्दा ठळक घालावा. माझे नाव कुठेही येऊ देऊ नये.

ता. क. २ — हे वहिनींच्या कानावर जाऊ नये. अर्थात गेले तरी त्यांना बरेच वाटेल. या धंद्याचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा आहे, इतक्या वर्षांत त्या कधी हॉटेलच्या पुढच्या दाराने आत आल्या नाहीत. हे सगळे गुंडाळावे आणि घरी शांत बसावे असेच त्यांच्या मनात असणार. मी विचारलेले नाही, पण इतक्या वर्षांत माणूस कळतो.

ता. क. ३ — पाकीट चिकटवले होते ते फाडून हे लिहितो आहे. आत्ता, दुपारची गिऱ्हाइके यायच्या आधी, वहिनी आल्या. पिंपळे गुरवहून एकट्या रिक्षाने आल्या, पुढच्या दाराने आत आल्या, आणि काउंटरच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. मी उठलो, तर त्या तिथे बसल्या. गणराजला पाणी आणायचेही सुचले नाही. मला म्हणाल्या, "भावजी, तुमी घरी जावा. आजपास्नं मी बसते." मी त्यांना समजावून सांगितले की वहिनी, हे सोपे नाही, इथे येणारा प्रत्येक जण आबांचेच बोलतो, रोज तेच तेच बोलतो, शटर पडेपर्यंत बोलतो, ऐकून जीव जातो. त्या म्हणाल्या, "म्हनून तर आले. घरी त्यांचं नाव कोन काढतंय? समदी मला जपत्यात अन् गप बसत्यात. तुमी तर पहिल्यापास्नं गप."

मी जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की रात्री उशिरापर्यंतच्या परवान्याचे काय झाले. मी म्हणालो, पोलिसांची हरकत आहे. त्या म्हणाल्या, "मग दाजींना सांगा की. त्ये पोलिसातलेच हायत."

तरी दाजी, वरची विनंती रद्द समजावी. ढेरंगे साहेबांना फोन जरूर करावा, आणि हरकत मागे घ्या असे सांगावे. जिन्याचा कठडा मी उद्याच दुरुस्त करून घेतो. पत्र खरे तर नव्याने लिहायला हवे होते, पण खुर्ची वहिनींकडे गेल्यामुळे मी हे फ्रीजवर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. मी निगडीला जायला निघालो होतो. दारापर्यंत गेलोही होतो. तेवढ्यात वहिनींनी विचारले की लग्नाच्या आधी आबा कसे होते, ते इथे माझ्याशिवाय कोणाला माहीत नसेल. मी स्टूल ओढून सांगायला बसलो, आणि आत्ता कुठे आमच्या शाळेपर्यंत येऊन हे लिहायला उठलो आहे. सध्याच्या वेळेत हे पुरे होईल असे वाटत नाही.